सातशे त्रेचाळीस विश्वासू भागीदार

मुहाफिजखाना म्हणजे जुने कागद जपून ठेवायची खोली. नाव निजामाच्या वेळचं आहे आणि आमच्या आदिलाबादच्या कचेरीत अजून तेच चालतं. ह्या खोलीची किल्ली गेली एकतीस वर्षं माझ्याकडे आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी केवढी नाचक्की झाली ते वाचणाऱ्याच्या नीट लक्षात येईल. माझ्या खोलीत सख्ख्या आजोबांच्या शेताची पहाणी, म्हणजे इथला सातबारा, बघायची असली तरी रीतसर दरखास्त द्यावी लागते. मग तिच्यावर शेरा, मग कोर्टफीचं तिकीट, मग नकल. एकदा मोठ्या साहेबांनी कुठलीशी मिसल, म्हणजे फाइल, तोंडी मागवली, तर मी शिपायाला 'लेखी आणा' म्हणून परत पाठवलं होतं. दौलतच्या हातून कागद सुटत नाही, असा माझा लौकिक आहे. निदान गेल्या डिसेंबरपर्यंत होता.

एप्रिलमध्ये आमची सून साक्षी पुण्यात बाळंत झाली आणि विनयची आई तिकडे जायला निघाली. विनयची आई म्हणजे माझी बायको, शुभांगी. दोन महिन्यांसाठी जाते म्हणाली. त्याच सुमारास बसस्टँडसमोर एक मोठा बोर्ड लागला होता. 'एकांत' नावाचा नवा फोन. चित्रात नवरा-बायको चहा पीत बसलेले, त्यांच्याभोवती काचेची भिंत, आणि खाली तेलुगूत, हिंदीत आणि आमच्यावर उपकार म्हणून मराठीतही लिहिलेलं: 'तुमचं बोलणं, फक्त तुमच्या दोघांचं.' मी त्या बोर्डासमोर स्कूटर थांबवून बराच वेळ उभा राहिलो. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. आधी एका खोलीत आठ माणसं, मग भाड्याचं घर आणि भिंतीपलीकडे घरमालक, मग विनयचा अभ्यास. आमच्या दोघांचंच असं बोलणं कधी झालं, हे आठवायला लागलो तर मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

चंपतच्या मोबाइलच्या दुकानात जोडीची ऑफर होती. दोन फोन घेतले, एक मला, एक तिला. चंपत फोन चालू करता करता म्हणाला, "साहेब, म्याडमचं खातं अलग काढून देऊ का?"

"काऊन? एका घराच्या दोन मिसली करून राह्यला का तू?" मी म्हणालो.

हे मी उगाच म्हणालो नाही. एका घराची मिसल दोन गठ्ठ्यांत गेली की वीस वर्षांनी भावाभावांत दावा उभा राहतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एक घर, एक मिसल, हे माझं तत्त्व. चंपतनं मान डोलावली आणि तिचं सिम तेवढं वेगळं ठेवून दोन्ही फोन माझ्या नंबरावरच्या, माझ्याच नावाच्या एका खात्याला जोडून दिले. मग 'आमच्या अटी मान्य आहेत का' असं विचारणारं एक लांबलचक पान आलं. त्यात कुठंतरी लिहिलं होतं की तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आम्ही तुमची माहिती आमच्या विश्वासू भागीदारांना देऊ शकतो. चंपतनं माझं बोट धरून 'सहमत'वर ठेवलं. एकतीस वर्षांत न वाचता केलेली ती माझी पहिली सही.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगतो. कोणाचाही फॉर्म भरायचा असला की मोबाइल नंबराच्या रकान्यात माझा नंबर पडतो. सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या मीसेवा केंद्रातला माणूसही आता विचारत नाही. शेजारच्या बयनाबाईचं गॅस सिलेंडर, कोपऱ्यावरच्या पूनमचा बीएडचा फॉर्म, कोणाच्या शेळ्यांचा विमा, कोणाच्या पोटातल्या बाळाची नोंदणी, सगळं माझ्या नंबरावर. माणूस शिकलेला, सरकारी आणि सदैव घरी, म्हणून. मला ह्याचा थोडा अभिमानही होता. त्यामुळे नव्या फोनवर जाहिरातींचा पूर लोटला तेव्हा मी गोंधळलो नाही. 'एकांत'च्या लेखी मी एक एकोणसाठ वर्षांचा गरोदर शेळीपालक होतो, ज्याचे गुडघे दुखतात आणि ज्याला यंदा बीएडला बसायचंय.

काही जाहिराती मात्र गल्लीतल्या कोणाच्याच नव्हत्या. मे महिन्यात कूलरच्या येत राहिल्या. नोव्हेंबरपासून स्वेटरच्या, मफलरच्या, जाड चादरींच्या. आणि रोज, न चुकता, 'पुणे ते आदिलाबाद, आरामदायी स्लीपर, शेवटच्या काही जागा.' मी मनात म्हणायचो, अरे बाबा, मी आदिलाबादमध्येच बसलोय, मला आदिलाबादला कशाला आणतो. एकदा कुकरची वाफ लागून माझा अंगठा भाजला. संध्याकाळी पुण्याला फोनवर 'काही नाही, जरासं' एवढंच बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर भाजल्यावर लावायच्या मलमांच्या चार जाहिराती. मी घाबरलो. समोरच्या पांडुरंगरावांना जाऊन सांगितलं.

पांडुरंगराव जवळच्याच तामसी गावचे. शेती अजून तिकडेच, कापूस आणि ज्वारी, पण स्वतः राहतात इथं, आणि दिवसभर सल्ले देतात. "दौलतराव, मी काय म्हणतो," ते म्हणाले, "फोन आयकून राह्यला. आमी तं त्याले ज्वारीच्या कोठीत ठेवतो. दाण्यातून त्याले आयकू जात नाई."

हे खरं होतं. त्यांना कोणी फोन केला की स्वयंपाकघरातली कोठी घुमायची आणि त्यांच्या सौ. कोपरापर्यंत हात घालून फोन शोधायच्या. मी ज्वारीपर्यंत गेलो नाही, पण जेवताना फोन उलटा ठेवू लागलो. जेवण म्हणजे खिचडी.

दोन महिन्यांचे आठ झाले. बाळाला आजीशिवाय झोप येत नाही, साक्षीची नोकरी सुरू झाली, पाळणाघरात जागा नाही. मी काही तक्रार करत नाही. पण काचेची भिंत असलेल्या त्या फोनवर आमचं बोलणं कसं व्हायचं ते सांगतो. संध्याकाळी सात वाजता फोन लागायचा आणि साक्षी तो स्पीकरवर टाकायची, कारण बाळाला आजोबांचा आवाज ऐकू यायला हवा. मागे मिक्सर, टीव्ही, विनयची मीटिंग.

"जेवले का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"खिचडी."

मग साक्षी म्हणायची, "बाबा, बाळाला हाय करा," आणि मी एकोणसाठाव्या वर्षी फोनला हाय करायचो. मेसेज पाठवावा तर शुभांगीचा चष्मा सापडेपर्यंत साक्षीच तो मोठ्यानं वाचून दाखवायची. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. घरी आल्यावर कुलूप काढताना आतून 'आले का' असा आवाज येत नाही, तेव्हा ते वाक्य रोज माझ्या तोंडात येऊन बसायचं. मला इथं करमत नाही, एवढंच. पण ते मिक्सरसमोर कसं बोलणार? शिवाय ह्या बाबतीत माझी बाजू थोडी लंगडी होती. बाळाच्या नाव ठेवायच्या कार्यक्रमाला मी चार दिवस पुण्याला गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, मला टॉवेल वाळत घालायला जागा सापडेना, आणि लिफ्टमध्ये एका कुत्र्यानं माझ्या इस्त्रीच्या पँटीचा वास घेतला. चौथ्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर मी जाहीर केलं की मला पुण्यात करमत नाही, मी काही परत येणार नाही. शुभांगी तेव्हा पाहुण्यांना पाणी देत होती. 

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, मी ओसरीत उन्हाला बसलो होतो. फोनमध्ये 'गुप्त खिडकी' नावाची एक सोय होती. तिच्यावर बुरखा घातलेल्या माणसाचं चित्र आणि खाली 'इथे जे घडतं ते इथेच राहतं.' माणूस एकटा असला की काहीही करतो. मी त्या खिडकीत टाइप केलं: 'बायको मुलाकडे राहते, परत कशी बोलवावी.' उत्तर काही मिळालं नाही. कोणत्या तरी डॉक्टरचा लेख उघडला, तो सांध्यांवर होता. मी खिडकी बंद केली आणि कपडे धुवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयनाबाई फोन बघायला आली. तिला वाचता येत नाही, पण सिलेंडरचा मेसेज आला की त्यातल्या आकड्यांवरून ओळखते. "सायेब, आला का पाहा बरं," म्हणत तिनं फोन हातात घेतला. पडद्यावर हिरव्या साडीतली एक हसरी बाई होती, केसांत एक पांढरी बट. खाली लिहिलं होतं, 'पन्नाशीनंतरही जोडीदार मिळतो.' बयनाबाईला वाचायची गरज पडली नाही. तिनं फोन पाटावर ठेवला, पदर सावरला आणि न बोलता निघून गेली. गल्लीत ती न बोलता जाणं म्हणजे काय होतं, ते मला माहीत होतं.

दुपारपर्यंत आणखी तीन जाहिराती आल्या. 'रुसलेली पत्नी चोवीस तासांत दारात, फोटो पाठवा.' 'परस्पर संमतीनं घटस्फोट, पहिला सल्ला मोफत.' आणि एकट्या माणसासाठी अर्ध्या लिटरचा कुकर. हा शेवटचा सगळ्यात जास्त लागला. बाकीचे जाहिरातवाले निदान काही बदलेल म्हणत होते.

संध्याकाळी पांडुरंगराव आले. रामराम करून खुर्चीवर बसले, पायांकडे बघत राहिले. "दौलतराव, मी काय म्हणतो," शेवटी ते म्हणाले, "जे करान ते घरच्यायले सांगून करा. आन बाई हिरव्या साडीतलीच पायजे असं धरून बसू नका."

मी त्यांना समजावायला लागलो. 'कशाचंच काही नाही, मी फक्त एक प्रश्न विचारला होता,' म्हणालो. ते म्हणाले, "कोणता?" तो प्रश्न त्यांना सांगायची मला लाज वाटली. त्यामुळे मी गप्प बसलो आणि गुन्हा साबित झाला.

मंगळवारी भर कचेरीत फोन आला. हैदराबादहून एक मुलगी गोड तेलुगूत विचारत होती की दौलत सारूंना, म्हणजे साहेबांना, कुठल्या वयोगटात स्थळ बघायचंय, आणि तुम्ही आमच्या एका भागीदाराकडे आवड दाखवली आहे म्हणून हा कॉल आहे. मुहाफिजखान्याचं छत उंच आहे, आवाज घुमतो. नकल घ्यायला आलेले दोन शेतकरी आणि आमचा शिपाई अतिशय अदबीनं खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि त्याच संध्याकाळी सात वाजता, स्पीकरवर, मिक्सर बंद असताना, शुभांगीनं विचारलं, "पन्नाशीनंतरचा जोडीदार म्हंजे काय वो? माझ्या फोनवर दोन रोजापासून येऊन राह्यलं."

साक्षीला हसू आलेलं मला ऐकू आलं. विनय म्हणाला, "बाबा, तुम्ही काही सर्च केलं का? खातं एकच आहे तुमचं. तुम्ही तिकडे बघता ते आईला इकडे दिसतं."

मी म्हणालो की बयनाबाईसाठी काहीतरी बघत होतो. बयनाबाई बहात्तर वर्षांची आहे.  मग शुभांगी हळूच म्हणाली, "बरं. जेवले का?" तिचा आवाज असा होता की खिचडी हा शब्द मला उच्चारता आला नाही.

त्या रागात मी ठरवलं की 'एकांत'कडून हिशेब मागायचा. माझी मिसल कोणी उघडली, कोणाच्या दरखास्तीवर उघडली, कोणाकोणाला नकला दिल्या? दुसऱ्या दिवशी मी कोऱ्या कागदावर रीतसर अर्ज लिहिला. विषय: माझ्याविषयी आपल्याकडे असलेल्या समग्र कागदपत्रांची प्रमाणित नकल मिळणेबाबत. संदर्भ: माझा रविवारचा खाजगी प्रश्न. बोर्डाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या बंगळूरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवला. नऊ दिवसांनी तो 'ह्या पत्त्यावर असे कोणी नाही' म्हणून परत आला. माझ्या नोकरीत मी असे शेरे फार मारलेत. स्वतःवर मारलेला तो पहिला.

मग हेल्पलाइन. 'तुमची गोपनीयता आम्हाला प्राणाहून प्रिय आहे,' एक बाई म्हणाली, 'दर्जा सुधारण्यासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे.' तेलुगूसाठी एक, हिंदीसाठी दोन. मराठीसाठी काही नव्हतं, तेव्हा बोर्डावरचा उपकार बोर्डापुरताच होता हे कळलं. मी दोन दाबलं. कोणा माणसाशी बोलायला पाऊण तास लागला, आणि तो माणूस म्हणाला, "अंकल, फोन में ही है, सेटिंग में जाइए, अपना डेटा डाउनलोड कर लीजिए." मी विचारलं की हे विश्वासू भागीदार नेमके किती आहेत. तो म्हणाला, यादी त्याच पानावर आहे. चंपतच्या दुकानात बसून आम्ही ती यादी उघडली. सातशे त्रेचाळीस. मला आयुष्यात चार भेटले नाहीत.

माझीच मिसल मला द्यायला 'एकांत'नं आणखी आधारकार्ड मागितलं, जन्मगाव मागितलं, आणि ताजा फोटो. फोटो सहा वेळा नापास झाला. 'चेहरा जुळत नाही. कृपया आधीच्या फोटोसारखे हसा.' आधीचा फोटो एप्रिलमधला, दुकानातच काढलेला, शुभांगी शेजारी उभी असतानाचा. मी बराच प्रयत्न केला. चंपत म्हणाला, "साहेब, म्याडमनं त्या दिवशी तुमची कॉलर नीट केली होती, तवा हसले होते तुमी." सातव्या वेळी फोटो पास झाला. तेव्हा मी हसत होतो की काय, मला सांगता येणार नाही.

मिसल आली ती हजाराच्या वर पानांची. फोनवर वाचणं माझ्या धर्मात बसत नाही. झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली, भोक पाडून दोरी ओवली, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळीच ओसरीत लाल पेन्सिल घेऊन बसलो. ठरवलं होतं की एकदा वाचायची, काय काय गेलं त्याची नोंद करायची, आणि मग चंपतकडून दोन्ही फोनवरचं सगळं पुसून टाकायचं. पांडुरंगरावही पुसायच्या बाजूचे होते.

पहिली दोनशे पानं गल्लीची होती. गुडघे, शेळ्या, बीएड, सिलेंडर. मी शेरे मारत पुढे चाललो होतो. मग एका पानावर लिहिलेलं दिसलं, 'उपकरण दोन. ठिकाण पुणे.'

उपकरण दोन. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. शोध: आदिलाबाद आजचं तापमान.

पुढच्या दिवशी, सहा वाजून आठ मिनिटं. शोध: आदिलाबाद आजचं तापमान. त्याच्या पुढच्या दिवशीही. मे महिन्यात दिवसाचं पंचेचाळीस. नोव्हेंबरात पहाटेचं अकरा, मग नऊ. आठ महिन्यांत एकही सकाळ सुटली नव्हती. ती उठल्यावर चष्मा सापडायच्या आधी हे बघत असणार, कारण बऱ्याच ठिकाणी आदिलाबादचं स्पेलिंग चुकलेलं होतं.

मी पेन्सिल खाली ठेवली.

माझा अंगठा भाजला त्या तारखेचं पान काढलं. सात वाजून चोवीस मिनिटं, म्हणजे फोन ठेवल्यावर लगेच: 'कुकरची वाफ हात भाजला काय लावावं.' त्याखाली, 'नवरा सांगत नाही किती भाजलं.' हा प्रश्न तिनं कोणाला विचारला होता, देव जाणे, आणि मी देव मानत नाही. एक दिवस 'शुगर एकशे नव्वद घाबरायचं का.' एक दिवस 'रोज खिचडी खाल्ल्याने काय होतं.' आणि दुपारी, दोन-अडीचच्या सुमारास, बाळ झोपत असेल तेव्हा, जवळजवळ रोज: 'पुणे ते आदिलाबाद बस.' मी मोजलं. मोजायची सवय आहे. दोनशे अकरा वेळा. बारा वेळा ती जागा निवडण्यापर्यंत गेली होती, खिडकीची, खालचा बर्थ. तिकीट एकदाही काढलं नव्हतं.

म्हणजे ते कूलर, ते स्वेटर, ती मलमं, ती स्लीपर बस, हे सगळं तिचं होतं. आठ महिने माझी बायको मला काहीतरी म्हणत होती आणि 'एकांत' ते मधल्यामध्ये विकत होता. त्यांना एप्रिलपासून माहीत होतं की तिला यायचंय. माझ्या त्या रविवारपासून हेही माहीत होतं की मला ती हवी आहे. दोघांच्याही बाजू एका मिसलीत, समोरासमोरच्या पानांवर, आणि सातशे त्रेचाळीस जणांपैकी एकालाही वाटलं नाही की ह्यांना सांगावं. त्यांनी मला अर्ध्या लिटरचा कुकर दाखवला.

दुसऱ्याची मिसल विनादरखास्त वाचू नये, हे मी शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना शिकवलंय. मला लाज वाटली. पण मिटवायच्या आधी एक गोष्ट तपासायची राहिली होती. मी माझी पानं काढली, उपकरण एक, ठिकाण आदिलाबाद. आठ महिन्यांची. त्यात बातम्या होत्या, पेन्शनचे नियम होते, हिरव्या साडीपर्यंत नेणारा तो प्रश्न होता. पुण्याचं तापमान एकदाही नव्हतं. 'आदिलाबाद ते पुणे' एकदाही नव्हतं. परत कशी बोलवावी हे मी विचारलं होतं. आपण कसं जावं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. ती बाळात अडकलेली होती, आणि मी टॉवेलात.

बाजूला लाल पेन्सिलनं शेरा मारायचा होता. तो राहू दिला. आत जाऊन कोऱ्या कागदावर रजेचा अर्ज लिहिला. एकतीस वर्षांत सलग एवढी रजा मी कधी मागितली नव्हती, त्यामुळे 'कारण' ह्या रकान्यात अडलो. शेवटी 'खाजगी' असं लिहिलं.

मग ओसरीत परत येऊन फोन सुलटा केला आणि बुरखेवाल्या खिडकीच्या नादी न लागता, उघड उघड, टाइप केलं: 'आदिलाबाद ते पुणे बस.' आकडे बघितले, जागा बघितल्या, एक जागा निवडलीही. खिडकीची, खालचा बर्थ. पण पुढे ते आधारकार्डावरचं नाव विचारायला लागलं, आणि चष्मा पुसत मी थांबलो. तिथं गेल्यावर काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो. बयनाबाई कुंपणापलीकडून बघत होती. "सायेब, जेवले का?" तिनं विचारलं. हल्ली ती माझ्याशी जरा दुरूनच बोलायची.

पावणेतीनला फोन वाजला. पडद्यावर शुभांगीचं नाव. आठ महिन्यांत दुपारचा तिचा फोन कधी आला नव्हता. कानाला लावला तर मागे मिक्सर नाही, टीव्ही नाही. वारा ऐकू येत होता.

"अवो," ती अगदी हळू बोलत होती. "माझ्या फोनवर हे काय येऊन राह्यलं? आदिलाबाद ते पुणे, स्लीपर. मी तं उलटी बस पाहत असते." एवढं बोलून ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं. मग म्हणाली, "कोण येऊन राह्यलं?"

"मी."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुमाले तं पुण्यात करमत नाई."

"स्पीकरवर हाय का फोन?" मी विचारलं.

"नाई. बाल्कनीत हाय मी. दार लोटून घेतलं."

"मले इथंबी करमत नाई," मी म्हणालो. आठ महिने तोंडात धरलेलं वाक्य, पण बाहेर पडायला काही वेळ लागला नाही. कुंपणापलीकडे बयनाबाईनं निवडायला घेतलेली अंबाडी तशीच मांडीवर ठेवली होती. ती ऐकत होती आणि मी आवाज कमी केला नाही.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "इथं बाल्कनीत दोरी बांधून घेतली म्या," ती म्हणाली. "टावेल वाळू घालाले. लई दिवस झाले." मग जरा सावरून, नेहमीच्या आवाजात, "इथं पहाटे चौदा होतं. तुमच्याकडं सकाळी सात पॉइंट दोन होतं. स्वेटर घालून निघा."

तो आकडा ती कुठून आणते ते मला ठाऊक होतं. मिसलीचं शेवटचं पान माझ्या मांडीवरच होतं. ही मिसल घेऊनच जायची आणि तिच्या हातात द्यायची, तिची आहे ती, असं मी ठरवलं. पण आत्ता, पहिल्यांदाच ऐकतोय अशा आवाजात, मी "हो" म्हणालो. ते सातशे त्रेचाळीस जण ऐकत असतील तर ऐकोत बापडे.